'ताकदीची गोळी' किती दिवस चालणार?

एआरटीची औषधं सरकारी दवाखान्यात 2004 पासून फुकट मिळतात. तरीही एचआयव्हीसह जगणाऱ्या काही मुलांच्या गोळ्या तेरा-चौदाव्या वर्षी चुकायला लागतात. लहानपणी नीट औषध घेणारं लेकरूच मोठं झालं की डबी लपवतं.

कारण बऱ्याचदा घरातच असतं. यातल्या बहुतेक मुलांना लागण आईकडून झालेली. काहींचे आईबाप गेलेले, सांभाळायला आजी नाहीतर चुलती. पोरानं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'ताकदीची गोळी हाय, गप घे.' आठव्या वर्षी हे खपतं. चौदाव्या वर्षी पोरगं म्हणतं, मी खेळतो, पळतो, मग गोळी कशाला? खरं माहीतच नसेल तर त्याचं काय चुकलं?

आजीचंही चुकत नाही. गावात कळलं तर काय, ही तिची धास्ती. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं शाळेत भेदभाव करायला आणि संमतीशिवाय ही माहिती फोडायला बंदी घातली आहे. पण पारावरच्या तोंडाला कायदा कुठं लागतो!

वसतिगृहात दहा पोरांसमोर डबी उघडायची कशी? ऊसतोडीच्या कोपीत तर आडोसाच नाही.

या औषधात 95 टक्के नियमितपणा धरला जातो. रोज एक गोळी असेल तर महिन्यात दोन चुकल्या तरी हिशेब त्याखाली जातो. चुकत गेलं की विषाणू पुन्हा वाढतो, हळूहळू औषधाला दाद देईनासा होतो, मग गोळ्या बदलाव्या लागतात. अंगावर लवकर काही दिसत नाही, व्हायरल लोडच्या तपासणीत मात्र कळतं.

म्हणून मुलाला खरं सांगायलाच हवं, पण एका दमात नाही. आधी 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते' एवढंच. आजाराचं नाव समज आल्यावर. हे एकट्या आजीवर टाकू नये, एआरटी केंद्रात त्यासाठी समुपदेशक असतात.

तोडीला निघणाऱ्यांनी आधीच केंद्रात सांगावं. जास्त दिवसांचं औषध किंवा कारखान्याजवळच्या केंद्रातून औषधाची सोय विचारता येते. माहितीसाठी 1097 हा टोल फ्री नंबर आहे.