लायसेन्कोचे पुनर्वसन कशासाठी?

एकविसाव्या शतकातील रशियात ट्रोफिम लायसेन्कोच्या पुनर्वसनाचा उद्योग सुरू झाला आहे. परिस्थितीचा ठसा वनस्पतींच्या जनुकांच्या कार्यावर उमटतो, हे एपिजेनेटिक्सने दाखवून दिले. मग लायसेन्को चुकला कोठे, असा त्याच्या कैवाऱ्यांचा सवाल आहे. परिस्थिती बदलली की प्रकृती बदलते, हा विचार समाजवाद्यांना मोह घालणारा आहे. म्हणूनच या सवालाची झडती घेणे अगत्याचे आहे.

लायसेन्कोला १९२९ च्या सुमारास कीर्ती मिळाली ती वासंतीकरणामुळे. ओलावलेले बी थंडीत ठेवले की हिवाळी गहू वसंतात पेरूनही ओंबी धरतो, हे त्याच्या आधीच ज्ञात होते. त्याने पुढे दावा केला, की अशा उपचारांनी गव्हाचा स्वभाव पालटतो आणि तो पुढील पिढ्यांत उतरतो.

थंडीच्या या स्मृतीचे रहस्य आज उलगडले आहे. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या रोपट्यात 'एफएलसी' नावाचे जनुक फुलोरा रोखून धरते. कित्येक आठवडे थंडी सोसल्यावर त्या जनुकाभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवर रासायनिक खुणा चढतात आणि जनुक मुके होते. ऊब परतल्यावरही मुकेच राहते. जनुकातील मजकूर मात्र बदलत नाही. शिवाय नवे बीज घडताना जनुक पुन्हा जागे केले जाते. प्रत्येक पिढीला आपला हिवाळा नव्याने सोसावा लागतो. ज्या घटनेवर लायसेन्कोने आपले प्रस्थ उभारले, त्या घटनेतच एपिजेनेटिक्स त्याच्याविरुद्ध साक्ष देते!

काही वनस्पतींत अशा खुणा पुढील पिढीत उतरतात, हे खरे. परंतु ते काटेकोर तुलनात्मक प्रयोगांनी सिद्ध झाले. लायसेन्कोची भिस्त सामूहिक शेतांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर होती. आणि जेथे अपयश कळवणे धोक्याचे, तेथील आकड्यांची किंमत ती काय?

त्याला विरोध करणारे निकोलाय वाव्हिलोव्ह १९४० साली पकडले गेले. जगभरची बियाणी जमवणारा हा शास्त्रज्ञ २६ जानेवारी १९४३ रोजी सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. ऑगस्ट १९४८ मध्ये, आपल्या अहवालास पक्षाच्या मध्यवर्ती समितीची मान्यता आहे, असे लायसेन्कोने जाहीर केले आणि वाद मिटला. त्याचे एखादे विधान उद्या खरे ठरले, तरी हा गुन्हा क्षम्य ठरत नाही.

पीक ठरावाने वाढत नाही. सत्तेने खोटे पाडलेल्या सत्याची किंमत अखेर भाकरीलाच मोजावी लागते, आणि भाकरीचा कैवार घेणाऱ्या समाजवादाने तरी हे विसरता कामा नये.