वर्ग कोणाचा, जात कोणाची? : मराठी समीक्षेतील एका विभागणीविषयी

मराठी समीक्षेने जातीचा प्रश्न टाळला, हा आरोप आता जसाच्या तसा टिकणारा नाही. दलित साहित्याविषयी गेल्या अर्धशतकात विपुल लेखन झाले, विद्यापीठीय अभ्यासक्रमांत त्याला जागा मिळाली, प्रबंधांची तर रीघच लागली. आरोप करावयाचा तो निराळा आहे. समीक्षेने जातीचा प्रश्न स्वीकारला; परंतु तो एका साहित्यप्रवाहाच्या स्वाधीन करून उर्वरित साहित्याला त्यातून मोकळे केले. जात ही दलित साहित्याची आशयवस्तू ठरली. समग्र मराठी साहित्यव्यवहाराला आकार देणारी शक्ती म्हणून तिचा विचार क्वचितच झाला.

ही विभागणी संज्ञांच्या पातळीवरच घडते. शहरी सवर्ण कुटुंबाचे चित्रण करणाऱ्या कथा-कादंबऱ्यांचा परामर्श घेताना समीक्षक 'मध्यमवर्गीय', 'पांढरपेशा' अशी विशेषणे योजतात. दलित वस्तीचे चित्रण आले की 'जातवास्तव' हा शब्द पुढे येतो. एकाच्या वाट्याला वर्ग, दुसऱ्याच्या वाट्याला जात. वास्तविक ज्या पांढरपेशा थराविषयी हे बोलले जाते, त्याची जडणघडण जातीवाचून समजूच शकत नाही. अक्षरज्ञानाची पिढीजात मक्तेदारी, वसाहतकालीन नोकऱ्यांतील आघाडी, विवाहसंबंधांचे बंदिस्त वर्तुळ हे सारे त्या थराच्या पाठीशी उभे आहे. स्वतःची जात न सांगता केवळ 'मध्यमवर्गीय' म्हणून ओळखले जाण्याची सोय हीच मुळी जातीने दिलेली सवलत आहे. समीक्षा ती सवलत संज्ञेच्या रूपाने कायम करते.

आत्मपर लेखनाच्या वर्गीकरणात हा प्रकार अधिक स्पष्ट दिसतो. एकीकडे 'आत्मचरित्र' आणि दुसरीकडे 'दलित आत्मकथन' वा 'स्वकथन' अशी दोन दालने रूढ झाली. पहिल्या दालनाला जातिवाचक विशेषण लागत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यावीत. वडिलांचे पराकोटीचे सोवळे, पतीचे 1895 मधील धर्मांतर, पुढे स्वतःचे धर्मांतर आणि अंगात मुरलेल्या शिवाशिवीच्या संस्कारातून बाहेर पडण्याची दीर्घ धडपड या साऱ्यांमुळे तो ग्रंथ जातीविषयीचा एक थोर मराठी ग्रंथ ठरतो. तरीही त्याची वाखाणणी प्रामुख्याने विनोद, निरागसता आणि सहजीवनाचे चित्रण यांसाठी होत आली. जात तेथे आहे, पण ती 'स्वभावचित्रणा'त विरघळवली जाते. याउलट दया पवारांच्या 'बलुतं' (1978) मध्ये जातीखेरीज दुसरे काही पाहण्याची गरज समीक्षेला क्वचितच भासली.

दलित लेखनाच्या गौरवासाठी वापरले जाणारे शब्दही तपासले पाहिजेत. 'प्रामाणिक', 'दाहक', 'जिवंत अनुभव' ही विशेषणे प्रशंसेची आहेत, यात शंका नाही. परंतु ती प्रशंसा लेखकाच्या भोगण्याची आहे, घडवण्याची नाही. बलुतेदारीत गावाने काम करून घ्यावे, खळ्यावरचा वाटा द्यावा, आणि वाटा किती हे ठरवण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे ठेवावा, अशी रीत होती. साहित्यव्यवहारात तीच रीत नव्या वेषात चालते. अनुभव एकाने पुरवायचा, रूपाचा व मूल्याचा निवाडा दुसऱ्याने करायचा. सामाजिक शास्त्रांत सिद्धांत एका थराकडे आणि कच्ची सामग्री दुसऱ्या थराकडे अशी वाटणी असल्याचे गोपाळ गुरू यांनी 2002 मध्ये दाखवून दिले. मराठी समीक्षेला हे निदान दुसऱ्या शास्त्राचे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही.

कारण ज्यांना केवळ साक्षीदार मानले गेले, त्यांच्या संहितांतच सिद्धांत आहे. बाबुराव बागुलांच्या 1963 मधील संग्रहाचे शीर्षक 'जेव्हा मी जात चोरली होती' असे आहे. जात लपवली वा सोडली असे न म्हणता 'चोरली' म्हणणे म्हणजे जात ही समाजाच्या मालकीची वस्तू आहे आणि तिच्यापासून सुटू पाहणारा गुन्हेगार ठरतो, हे एका क्रियापदात मांडणे होय. 'बलुतं' मध्ये दगडू मारुती पवार आणि दया पवार या दोन नावांत एकच माणूस दुभंगतो. हा दुभंग कथनतंत्राचा भाग आहे आणि शिक्षणाने घडवलेल्या नव्या माणसाचे विश्लेषणही आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (1984) या शीर्षकात सोन्याचे वजन आणि कुळाची शुद्धता एकाच मापाने मोजणारी भाषा उघडी पडते: बारा माशांचा तोळा, अकरा भरले की खोट. या निवडी अनुभवाने आपोआप केलेल्या नाहीत. त्या लेखकांनी केल्या आहेत.

यावर आक्षेप येईल की, स्वानुभवाचा आग्रह दलित लेखकांनी आणि समीक्षकांनीच धरला होता. तो धरला, हे खरे. परंतु जो अनुभव साहित्याला अस्पृश्य होता, त्याला प्रवेश मिळवून देण्यासाठी तो आग्रह होता. प्रवेशाच्या या मागणीचे प्रस्थापित समीक्षेने कुंपणात रूपांतर केले. शरद पाटील यांच्या 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (1988) या ग्रंथाने सौंदर्यविचाराच्या पायालाच हात घातला होता. त्यालाही 'वेगळ्या सौंदर्यशास्त्रा'ची वेगळी वस्ती बहाल करून मूळ वाडा आहे तसा राखण्यात आला. याहून जुने उदाहरण 1885 चे आहे. मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राने नाकारले. त्या पत्रात व्यथेचे निवेदन नाही. साहित्यसंस्था कोणाच्या हितसंबंधांवर उभी आहे, याची चिकित्सा आहे. ते मराठी साहित्यविचारातील एक आद्य सैद्धांतिक लेखन म्हणून शिकवले जावयास हवे. चळवळीच्या इतिहासातील बाणेदार प्रसंग म्हणूनच ते सांगितले जाते.

दुसरा आक्षेप असा की, सर्वच साहित्यात जात शोधू लागल्यास समीक्षेची शिरगणती होईल. लेखकाची जात नोंदवून संहितेचा निकाल लावणे ही शिरगणती खरीच, आणि दलित साहित्याच्या बाबतीत ती बिनदिक्कत चालते. येथे अपेक्षित आहे ते उलट: कथनाचा दृष्टिकोन, मौनाच्या जागा, प्रमाण व बोलीची वाटणी, कोणत्या पात्राला अंतर्मन लाभते आणि कोणाला केवळ काम, हे प्रश्न सर्व संहितांना समान रीतीने विचारणे. ज्या समीक्षेला रूपाची इतकी चाड आहे, तिला हे काम परके वाटण्याचे कारण नाही.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात जातीची चर्चा 'दलित साहित्य' या एका प्रश्नपत्रिकेत आटोपते, तोवर उरलेल्या प्रश्नपत्रिकांची जात अबाधित राहते. 'स्मृतिचित्रे' आणि 'बलुतं' एकाच प्रश्नपत्रिकेत, एकाच प्रश्नांसह ठेवली जावीत. पहिलीला जातीविषयी आणि दुसरीला रूपाविषयी प्रश्न विचारण्याची तयारी मराठी समीक्षेने दाखवली, तरच तिला स्वतःला समीक्षा म्हणवून घेण्याचा अधिकार राहील.