पहिलं बाळंतपण माहेरी, कागद सासरी

बऱ्हाणपूर : रावेरची लेक शाहपूरला दिलेली, इच्छापूरची लेक मुक्ताईनगरात नांदणारी, खकनारची सून धारणीच्या बाजूची. आपल्या पट्ट्यात हे इतकं नेहमीचं आहे की लग्न जमवताना मधली राज्याची हद्द कुणी विचारातही घेत नाही. गोत्र बघतात, शेती बघतात, मुलाची नोकरी बघतात. हद्द आठवते ती सून गरोदर राहिल्यावर किंवा आजारी पडल्यावर. तेव्हा अचानक प्रश्न निघतो, 'कार्ड कुठलं आहे?'

1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं. 2003 मध्ये खंडव्यातून वेगळं होऊन बऱ्हाणपूर जिल्हा झाला. कारभाराची भाषा हिंदी, घरातली मराठी, खानदेशी, निमाडी, उर्दू, कोरकू. नातीगोती मात्र दोन्हीकडे पूर्वीसारखीच चालू आहेत. या नात्यांचा सगळ्यात जास्त प्रवास बायका करतात आणि हद्दीची सगळ्यात जास्त किंमतही त्याच मोजतात.

रीत आणि रजिस्टर

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत. तिच्यामागे शहाणपण आहे. पहिलटकरणीला आई जवळ हवी असते, विश्रांती हवी असते, सासरच्या कामातून सुटका हवी असते. सातवा महिना सरला की भाऊ घ्यायला येतो.

आता समजा, सासर बऱ्हाणपूरला आणि माहेर रावेर तालुक्यात. नाव नोंदवलं, इंजेक्शनं झाली, रक्त तपासलं ते सासरच्या गावात, आशाताईंच्या यादीत. सातव्यानंतर ती रावेरला गेली. इकडच्या आशाताईंच्या लेखी ती 'बाहेरगावी', तिकडच्या आशाताईंच्या यादीत ती अजून नाही. नेमके शेवटचे दोन-अडीच महिने, म्हणजे रक्तदाब वाढण्याचे, सूज येण्याचे, हिमोग्लोबिन घसरण्याचे दिवस, ती कुणाच्याच रोजच्या नजरेत नसते. हातात माता-बाल कार्ड असलं तर निदान पुढच्या डॉक्टरला मागचं कळतं. ते सासरी कपाटात राहिलं तर पहिल्यापासून सुरुवात.

पैशांचा गोंधळ वेगळाच. जननी सुरक्षा योजनेत मध्य प्रदेश कमी कामगिरीच्या राज्यांत मोडतो. म्हणून तिथे सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण बाईला 1400 रुपये आणि शहरी बाईला 1000 रुपये. महाराष्ट्रात हेच आकडे 700 आणि 600, तेही दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायकांनाच. नवरा म्हणतो, 'इकडे जास्त मिळतात, इकडेच थांब.' आई म्हणते, 'पैशांसाठी लेकीला तिथे ठेवू का?' मधल्यामध्ये जिचं बाळंतपण आहे तिला कुणी विचारत नाही.

जन्माच्या दाखल्याचंही तसंच. नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, 21 दिवसांच्या आत. म्हणजे बाळाचा दाखला महाराष्ट्राचा, बापाचं रेशन कार्ड मध्य प्रदेशचं. पुढे समग्र आयडीत नाव चढवताना, योजनेचा अर्ज भरताना खेटे घालायचे ते आईनेच.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी. 2011 पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि गाडी मोफत आहे. बाई कुठल्या राज्याची आहे यावर तिचं सिझेरियन मोफत की विकत हे ठरत नाही. तसं कुणी सांगितलं तर लेखी मागावं.

तीन उशीर

बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल बोलताना डॉक्टर तीन उशीर सांगतात. पहिला, दवाखान्यात न्यायचं हे घरात ठरवण्याचा. दुसरा, पोहोचण्याचा. तिसरा, पोहोचल्यावर उपचार सुरू होण्याचा. दुसरा आणि तिसरा सरकारच्या हातात आहे, आणि तिथे आपल्या दोन राज्यांत मोठी तफावत आहे. 2018-20 च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात 33 माता दगावत होत्या, मध्य प्रदेशात 173. देशाचा आकडा 97. रेल्वेने तासाभराच्या अंतरावर असलेल्या भुसावळ आणि बऱ्हाणपूरच्या मधून ही रेघ जाते. जिल्ह्याजिल्ह्यांत फरक असतो हे खरं, तरी एवढी दरी नजरेआड करता येणार नाही.

सीमेवर दुसऱ्या उशिरात एक भर पडते. बऱ्हाणपूरहून सरकारी रेफर खंडव्याकडे, इंदूरकडे जातो. घरच्यांना जळगाव-भुसावळ ओळखीचं वाटतं, कारण तिथे मामा आहे, मावशी आहे, भाषा आपली आहे. या ओढाताणीत तास जातो. रक्तस्राव होत असलेल्या बाईकडे तो तास नसतो.

पहिला उशीर मात्र घराचा आहे. 'पहिल्या खेपेला दुखतंच', 'आम्ही शेतात बाळंत झालो', 'सिझेर करायला टपलेलेच असतात' ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. ती म्हणणारी सासू दुष्ट असते असं नाही. तिच्या वेळी तिलाही कुणी विचारलं नव्हतं. पण निर्णय नवऱ्याचा, पैसा सासऱ्याचा, जबाबदारी माहेरची आणि जीव तिचा, अशी ही वाटणी आहे.

या गावाने ही गोष्ट फार आधी पाहिली आहे. 17 जून 1631 ला मुमताज महल बऱ्हाणपुरातच बाळंतपणात गेली. 1612 मध्ये लग्न, 19 वर्षांत 14 मुलं, त्यातली सात जगली. वय 38. तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी आग्र्याला नेलं. पर्यटक इथे येऊन प्रेमाची कहाणी ऐकतात. बादशहाच्या बेगमेला हकीम, दाया, धन कशाचीच कमी नव्हती. कमी होती ती दोन बाळंतपणांतल्या विसाव्याची. त्या बाबतीत 400 वर्षांत आपण किती पुढे आलो, हे प्रत्येकाने आपापल्या घरात मोजावं.

ऑपरेशन तिनेच करायचं

पाळणा लांबवायची, थांबवायची जबाबदारी कुणावर आहे हे आकडेच सांगतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के, पुरुष नसबंदीचं 0.3 टक्के. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात तर साधारण निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुषाचं ऑपरेशन लहान, कमी धोक्याचं, टाका न घालता होणारं. तरी 'त्यांना कमवायचं असतं, अशक्तपणा येईल' हे कारण अजून चालतं. बाई यंत्रमागाच्या कांड्या भरते, केळीच्या बागेत राबते, ते कमावणं कुणी धरत नाही.

मुलींच्या नावाने चाललेल्या योजनाही याला हातभार लावतात. मध्य प्रदेशची लाडली लक्ष्मी असो की महाराष्ट्राची लेक लाडकी, दोन अपत्यांनंतर कुटुंब नियोजनाची अट दोन्हीकडे आहे. कागदावर अट आईबापांपैकी कुणीही पाळू शकतं. प्रत्यक्षात ती कोण पाळतं हे वर दिलंच आहे.

मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, हा दबाव तर त्याहून जुना. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या, बुलढाण्यात 855. त्या वेळची मुलं आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. मुली मिळत नाहीत म्हणून स्थळं हद्दीपलीकडे, गरिबाघरी, आदिवासी पाड्यांकडे शोधली जातात. ज्या समाजाने मुली कमी केल्या त्याच समाजात दूरची, अनोळखी, पाठीशी माहेर नसलेली सून येते. तिच्या आजारपणात भांडायला भाऊही जवळ नसतो.

आजार लपवला कुणी?

लग्नानंतर बाई आजारी पडली की पहिला आरोप ठरलेला: 'माहेरच्यांनी लपवलं.' पुरुष आजारी पडला तर बायकोचा पायगुण. दोन्ही बाजूंनी दोष तिचाच. मूल होत नसेल तर तपासण्या तिच्या, उपास तिचे, बाबा-बुवा तिच्यासाठी. नवऱ्याची वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि पहिल्यांदा करायची असते. ती शेवटी होते किंवा होतच नाही.

सिकलसेलचा प्रश्न याच जागी येऊन अडतो. खकनार, धारणी, मेळघाट या पट्ट्यातल्या आदिवासी घरांना तो नवा नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. एकटी आई वाहक असून मूल सिकलसेलचं आजारी होत नाही. हे एवढं वाक्य प्रत्येक घरात पोहोचलं तरी कितीतरी बायकांवरचा 'तुझ्या रक्तात दोष' हा शिक्का पुसला जाईल. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं लक्ष्य. तपासणी लग्नाआधी झाली आणि दोघांची झाली तर तिचा उपयोग. मुलीचंच कार्ड मागून लग्न मोडायला ते वापरलं तर सरकारने आपल्या हाताने नवं हत्यार दिलं असं होईल.

तिसरी गोष्ट पिशवीची. अंगावरून जास्त जातं, ओटीपोट दुखतं, कामाचा खाडा होतो. मग तिशी-पस्तिशीतच 'पिशवी काढून टाका, कटकट नको.' बीडच्या ऊसतोड बायकांमुळे हा विषय पुढे आला. तीन वर्षांत त्या जिल्ह्यात 4,605 गर्भाशयं काढल्याचं 2019 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. त्यानंतर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. निमाडातलीही कुटुंबं ऊसतोडीला महाराष्ट्र-कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेल्या बाईला पाळीची सुट्टी नसते. गावी परतल्यावर तिचा त्रास कोण लिहून ठेवतं?

पैसे तिच्या नावे, ओटीपी त्याच्या फोनवर

2023 मध्ये लाडली बहना आणि 2024 मध्ये माझी लाडकी बहीण आली. बायकांच्या खात्यात दर महिन्याला पैसे येऊ लागले. ही रक्कम लहान म्हणून हिणवू नये. रिक्षाचं भाडं, सोनोग्राफीची फी, लोहाच्या गोळ्या, लेकीचे पॅड यातूनच निघतात. आपल्या मर्जीने दवाखान्यात जाण्याचा पहिला पैसा अनेकींना यातून मिळाला.

पण दोन्ही योजना बाईला नवऱ्याच्या नावाने ओळखतात. महाराष्ट्राने परराज्यातून लग्न होऊन आलेल्या बाईला नवऱ्याचे कागद चालतील अशी सवलत दिली. चांगली सवलत, बऱ्हाणपूरच्या कितीतरी लेकींना तिचा फायदा झाला असणार. मात्र नवऱ्याने टाकलं तर? 2025 मध्ये लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला, तेव्हा विधवा आणि घटस्फोटित बायकांची अडचण पुढे आली आणि त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा कागद. नुसतीच घराबाहेर काढलेली बाई काय दाखवणार? ती माहेरी, म्हणजे दुसऱ्या राज्यात आलेली. तिचं नाव अजून सासरच्या समग्र आयडीत किंवा रेशन कार्डावर. तिथे ती राहत नाही, इथे ती नोंदलेली नाही.

काय करता येईल

यातलं बरंच काही मोठ्या खर्चाचं नाही. बऱ्हाणपूर, जळगाव, बुलढाणा आणि अमरावती या चार जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी माहेरी-सासरी गेलेल्या गरोदर बायकांची यादी एकमेकांना कळवायची ठरवलं, तर शेवटचे दोन-अडीच महिने कोरडे जाणार नाहीत. आशाताईंनी एकमेकींना एक फोन केला तरी पुष्कळ. अत्यवस्थ बाळंतिणीला जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला हद्द आड येणार नाही, असा लेखी आदेश दोन्हीकडून हवा. सोडलेल्या बाईला ग्रामपंचायतीच्या पंचनाम्यावर परित्यक्ता म्हणून नोंद मिळावी आणि ती दोन्ही राज्यांनी मानावी.

घरांनी करायची कामं आणखी स्वस्त आहेत. लेकीला न्यायला जाताना कपड्यांच्या बॅगेत आधी कार्ड टाकावं. कुठे बाळंत व्हायचं हे सातव्या महिन्यातच, तिला विचारून ठरवावं. गाडीचा नंबर आणि रक्त देणाऱ्या दोघांची नावं भिंतीवर लिहून ठेवावीत. आणि सोयरीक ठरवताना मुलीचा रिपोर्ट मागितला, तर मुलाचाही समोर ठेवावा.