सही कुणाची मागता?

गंगापूर आणि लासूर स्टेशन भागातल्या शालेय समुपदेशकांची पत्रं समोर आहेत. तक्रार एकच: मूल बोलायला तयार आहे, पण पुढे पाठवता येत नाही. एका पत्रातली मुलगी सोळा वर्षांची. सातव्या वर्षी केसांत जट दिसली आणि घरच्यांनी तिला देवीची ठरवून टाकलं. तेव्हापासून केसांना फणी नाही. मंगळवार-शुक्रवारी मळवट भरून पाटावर बसायचं, अंगात येईपर्यंत उठायचं नाही. आलं नाही तर दिवसभर उपास. जटेच्या ओझ्याने मान सतत दुखते, वर्गात शेजारी कुणी बसत नाही. एके दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मला आता पाटावर बसायचं नाही."

मॅडमनी चिठ्ठी देऊन मानसोपचार विभागात पाठवलं. तिथे पालकांची सही मागितली. ज्यांनी पाटावर बसवलं त्यांचीच! बापाने सही नाकारली आणि केसपेपरवर शेरा पडला: पालकांचे असहकार्य.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 मधलं कलम 15 या मंडळींनी वाचायला हवं होतं. अल्पवयीनाचा प्रतिनिधी कायदेशीर पालक, हे खरं. पण पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असतील, तर पुराव्यासह मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो. तो आपल्यासारखा कुणीही समुपदेशक करू शकतो. मंडळ दुसरा प्रतिनिधी नेमू शकतं. कुणीच मिळालं नाही तर समाजकल्याण खात्याच्या संचालकांची नेमणूक होते. प्रत्यक्षात अर्ज कुठे द्यायचा असं विचारलं, की एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवतं. दरम्यान मुलगी पाटावर बसतेच आहे.

दुसरा घोळ निदानाच्या कोडिंगचा. अंगात येतं म्हटलं की हात आपोआप एफ 44.3 कडे, म्हणजे अंगात येण्याच्या विकाराच्या कोडकडे जातो. पण आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, आयसीडी-10 मध्येच म्हटलंय, की धार्मिक वा सांस्कृतिक मान्यतेच्या चौकटीतलं अंगात येणं त्यात धरायचं नाही. म्हणून दुसरा डॉक्टर 'आजार नाही' लिहून मोकळा होतो. दोघांनीही सातव्या वर्षापासूनचा इतिहास विचारलेला नसतो. झोप कधी उडाली, उदाच्या वासाने छातीत का धडधडतं? आयसीडी-11 मध्ये 6बी41, म्हणजे जटिल आघातोत्तर ताण, स्वतंत्र निदान आहे. ते लागू पडतं का, हे तपासा तरी.

आपल्यातल्या काहींबद्दलही बोललं पाहिजे. वाळूज एमआयडीसीत खोली घेऊन राहणारी पंचविशीतली पोरं-पोरी येतात. घरचा कडक नेम, उपास, मार आणि 'देव बघतोय' ही धमकी मागे टाकून आलेली. त्यांना 'आईवडिलांशी जुळवून घ्या, थोडं नामस्मरण करा' असं सांगणारे समुपदेशक आहेत, आणि ते स्वतःला अनुभवी म्हणवतात. ज्या नामाची सक्ती झाली तेच औषध म्हणून देणं ही इजा आहे. त्याचप्रमाणे कुणाला नास्तिक करणंही आपलं काम नाही. देव ठेवायचा की सोडायचा, हे ज्याचं त्याला ठरवू द्या. घाई करू नका.

पुन्हा जटेकडे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या (अंनिस) नंदिनी जाधव यांनी शेकडो बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. कात्री चालली की डोकं हलकं होतं, भीती मात्र राहते. घरात म्हैस आजारी पडली, भावाला ताप आला, की बोट तिच्याकडेच वळतं. जट कापल्यानंतरच्या आठवड्यांत तिच्यासोबत बसणारा माणूस लागतो, आणि तो माणूस आपल्या पेशातला हवा. बातमी कात्रीची होते, पुढच्या सत्रांची जबाबदारी कुणी घेत नाही.

तेव्हा मित्रहो, अर्ज करा! कलम 15 खाली पुनर्विलोकन मंडळाकडे, आणि गरज असेल तिथे बालकल्याण समितीकडेही. तोंडी विचारू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज नाकारला तर नकारही लेखीच मागा. मुलाची ओळख झाकून त्या पोचेची प्रत आमच्याकडे पाठवा. कोणत्या कार्यालयाने किती दिवस अर्ज दाबून ठेवला, ते पुढच्या अंकापासून छापू.