निळी टोपी आणि अभयदान



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. पहिली तीन जमेल तशी आपल्या हातून घडतात. अभयदान म्हटले की मात्र आपली धाव पाणी गाळून जिवाणी परत विहिरीत सोडण्यापर्यंत, फार तर गोशाळेपर्यंत. भेदरलेल्या माणसाला अभय देणारे कोण असतात, याचा विचार आपण फारसा करत नाही.

२९ मे हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांचा दिवस. १९४८ साली याच तारखेला त्यांच्या पहिल्या मोहिमेला मंजुरी मिळाली. निळी टोपी घालून परक्या देशात, परक्या माणसांसाठी उभे राहायचे, कोणाचीही बाजू घ्यायची नाही आणि स्वतःच्या वा सोपवलेल्या कामाच्या रक्षणाखेरीज शस्त्र चालवायचे नाही, असा त्यांचा नियम. भारताने पन्नासहून अधिक मोहिमांत अडीच लाखांहून जास्त माणसे पाठवली. त्यांतली दीडशेहून अधिक परत आली नाहीत.

यात आपली मराठी माणसेही आहेत. कोरियाचे युद्ध १९५३ साली थांबले, तेव्हा मायदेशी परतायला तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक कैद्यांची राखण भारतीय तुकडीकडे आली. तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. एकदा चिडलेल्या कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेले. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः त्या घोळक्यात गेले, कैद्यांची समजूत घातली आणि गोळी न झाडता मेजरला सोडवून आणले. पुढे तिथे गोळीबाराचे प्रसंगही आले, हे खरे. पण आधी शब्द, शस्त्र अगदी शेवटी, हा क्रम महत्त्वाचा.

अलीकडचे उदाहरण पुण्याचे कर्नल वैभव काळे यांचे. लष्करातून निवृत्त होऊन ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात अधिकारी झाले. १३ मे २०२४ रोजी गाझातील रफाह येथे, संयुक्त राष्ट्रांचा झेंडा लावलेल्या गाडीतून रुग्णालयाकडे जाताना झालेल्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. ते शांतिसेनेचे शिपाई नव्हते, पण काम त्याच वाटेवरचे होते.

काही जणी म्हणतील, सैनिक म्हणजे हिंसा, त्याचा आपल्या धर्माशी काय संबंध? पण शास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. श्रावकाला सर्वस्वी वर्ज्य आहे ती संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली. दुबळ्याच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा वेगळी मोजली आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: हे सैनिक नेहमी वाचवतात कुठे? १९९५ साली बोस्नियातील स्रेब्रेनिकात ते हजर असतानाही हजारो माणसे मारली गेली. हा डाग पुसता येणार नाही. पण त्यामुळे इतरांनी प्राण देऊन राखलेली गावे खोटी ठरत नाहीत.

२०१९ मध्ये पुलवामात आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले दोन जवान गेले, तेव्हा सारा जिल्हा रडला. ते योग्यच होते, कारण ते आपले होते, आपल्यासाठी गेले. काँगोत किंवा दक्षिण सुदानमध्ये पडलेला जवान ज्यांच्यासाठी गेला, त्यांची भाषाही त्याला येत नसते. फळाची अपेक्षा न ठेवता दिलेले दान श्रेष्ठ, असे आपणच म्हणतो ना? मग हे दान कोणत्या पायरीवर ठेवाल?

माझे म्हणणे एवढेच. येत्या २९ मे रोजी सामायिकानंतर णमोकाराची एक माळ त्यांच्या नावाने फिरवा. पाठशाळेत अभयदान शिकवताना मुंगी आणि गाय यांच्याबरोबर निळ्या टोपीचीही गोष्ट सांगा. आणि ओळखीत एखाद्या जवानाचे घर असेल, तर त्याच्या आईकडे, बायकोकडे जाऊन घटकाभर बसा. तो तिकडे परक्यांना अभय देत असतो, तेव्हा इकडे भय तीच सोसत असते.