विरोध बदलाला नव्हे, दुहेरी नोंदीला

इलेक्ट्रॉनिक आरोग्य-नोंद प्रणाली, म्हणजे रुग्णाचा केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांचे आदेश आणि परिचारिकांच्या नोंदी संगणकावर एकत्र ठेवणारी व्यवस्था, एखाद्या रुग्णालयात रखडली की त्याचे खापर कर्मचाऱ्यांच्या माथी फोडणारा एक पक्ष हल्ली मोठ्या जोमाने बोलू लागला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : प्रणाली निर्दोष आहे, कर्मचारी कामचुकार आहेत, बँका संगणकावर गेल्या तर वॉर्ड का जाऊ नयेत, मोबाईलवर तासन्‌तास बोटे चालवणाऱ्यांना कळफलक जड का व्हावा, एक दिवसाचे प्रशिक्षण, एक परिपत्रक आणि न पाळणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस, एवढ्याने काम भागते.

यातील किरकोळ मुद्द्यांना एकेक वाक्य पुरते. मोबाईलवरचा चुकलेला निरोप पुन्हा पाठवता येतो, औषधाच्या मात्रेतील चुकलेल्या दशांशचिन्हाला ती सवलत नसते. बँकेतला ग्राहक रांगेत थांबतो, धाप लागलेला रुग्ण थांबू शकत नाही. शिवाय बँकांचा दाखला द्यायचाच तर तो पुरा द्यावा : १९८०च्या दशकात तेथील कर्मचाऱ्यांनाही प्रगतीचे शत्रू ठरवण्यात आले होते, आणि तरीही तेथे संगणक रुळत गेला तो व्यवस्थापन व संघटना यांच्यात कामाच्या अटींविषयी करार होत गेल्यामुळे, नोटिशींमुळे रुळला नाही.

‘बदलाला विरोध’ हा मुख्य आरोप मात्र सविस्तर तपासला पाहिजे, कारण तो करणाऱ्याने रात्रपाळीतला वॉर्ड पाहिलेला नसावा अशी दाट शंका येते. तेथे विरोध असतो तो दुहेरी नोंदीला, म्हणजे एकच माहिती आधी कागदावर आणि मग पडद्यावर लिहिण्याच्या सक्तीला. तापमान-नाडी-श्वसनाचा तक्ता, औषधांचा तक्ता, रिपोर्ट बुक, इंडेंट, रुग्णसंख्येची वही हे सारे जिथल्या तिथे राहते आणि त्यावर संगणक येऊन बसतो. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असा राष्ट्रीय निकष असला, तरी सार्वजनिक रुग्णालयांच्या वॉर्डांत तो सहसा कागदावरच राहतो. एका परिचारिकेकडे ४० रुग्ण असतील आणि पडद्यावरच्या नोंदीला प्रत्येकी तीनच मिनिटे लागतील असे धरले, तरी पाळीतले पूर्ण दोन तास त्या नोंदींत जातात. हे दोन तास सलाईन बदलण्यातून, कूस वळवण्यातून आणि घाबरलेल्या नातेवाइकाला दोन शब्द सांगण्यातून कापले जातात, कारण कापण्यासारखे दुसरे काही तिच्या पाळीत उरलेलेच नसते. नोंदवह्या बंद का होत नाहीत, तर तपासणी पथक वही मागते, न्यायवैद्यक प्रकरणात कागद मागितला जातो, आणि वही थांबवण्याच्या आदेशावर सही करून जोखीम घेण्यास वरचा कोणीही तयार नसतो. मग पाळी संपताना सगळ्या नोंदी एकदम भरल्या जातात, दहा वाजता दिलेले औषध पहाटे चारला दिल्याचे दिसते, वरिष्ठाच्या पासवर्डवर आंतरवासिता करणारा विद्यार्थी आदेश टाकतो, आणि अखेर जी नोंद तयार होते ती भरलेली दिसते पण खरी नसते. असली नोंद पुढच्या डॉक्टरला चुकीच्या निर्णयाकडे नेते, म्हणून हा प्रश्न कर्मचाऱ्यांच्या सोयीचा नाही, रुग्णाच्या जिवाचा आहे.

प्रणाली निर्दोष असते, हा दावा तर अनुभवानेच खोडून काढला आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका बालरुग्णालयात २००२ साली औषधांचे आदेश संगणकावरून देण्याची पद्धत अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र लागू झाली, आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की विशेष उपचारांसाठी बाहेरून आणलेल्या मुलांमधील मृत्यूंचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेले होते. रुग्ण पोहोचण्याआधी आदेश देता येत नव्हते आणि पडद्यासमोर वेळ जात होता, अशी कारणे अभ्यासकांनी नोंदवली. सिएटलच्या बालरुग्णालयाने तीच प्रणाली, पिट्सबर्गचा अनुभव समजून घेऊन आणि नेहमी लागणाऱ्या आदेशांचे संच आधीच तयार करून, वापरात आणली, तेव्हा अतिदक्षता विभागातील मृत्यू वाढले नाहीत. प्रणाली एकच असताना परिणाम निराळे झाले, यावरून कर्मचाऱ्यांची पूर्वतयारी हाच निर्णायक भाग ठरतो.

याचा अर्थ कागदाला चिकटून राहावे असा नव्हे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेत प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळू शकतो, आणि गडचिरोलीतल्या रुग्णाची ॲलर्जी नागपूरच्या डॉक्टरला क्षणात कळणे हे निःसंशय इष्ट आहे. त्यासाठी चार गोष्टी कराव्यात. प्रशिक्षण पाळीच्या वेळेतच द्यावे आणि त्या वेळी बदली माणूस वॉर्डात ठेवावा. सहकाऱ्यांतूनच निवडलेला जाणकार पहिले काही आठवडे तिन्ही पाळ्यांत, विशेषतः रात्री, शेजारी उभा असावा. यंत्रणा बंद पडली तर काय करायचे याचा सराव आधीच व्हावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एका अग्रगण्य रुग्णालयावर सायबर हल्ला झाला तेव्हा कित्येक दिवस कागदावरच काम करावे लागले होते. आणि चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, एक पडदा सुरू झाला की एक नोंदवही लेखी आदेशाने बंद व्हावी.

हा चौथा आदेश निघाला की कर्मचारी खरोखर बदलाला विरोध करतात का, याची परीक्षा करता येईल. तो निघेपर्यंत कारणे दाखवा नोटीस वॉर्डातल्या परिचारिकेला देण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नाही.