‘आज नको’ म्हणायचं धाडस

“अहो ताई, एवढ्याशा तर लाटा! मग का नाही उतरायचं?” मे महिन्यातल्या एका रविवारी आश्वेच्या किनाऱ्यावर आमच्या गटातली एक जण मला विचारत होती. प्रश्न रास्तच होता. गाडी ठरवून, डबे भरून, घरची शंभर कामं उरकून आम्ही आलो होतो आणि लाटा जेमतेम कमरेएवढ्या.

आमचा गट पंधरा-वीस जणींचा. फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याला यायचं, या सर्फिंगचं वेड मुलींनी घरात आणलं आणि आम्ही आया त्यांच्या मागोमाग गेलो. सगळ्याच नवशिक्या. प्रशिक्षक सोबत असतोच. पण पाण्यात पाय घालण्याआधी पंधरा मिनिटं वाळूवर उभं राहून समुद्र बघायचा, हा आमचा नियम.

त्या दिवशी दोन लाटांमध्ये चांगली पंधरा सेकंदं जात होती. दोन लाटांमधला वेळ जितका जास्त, तितकी लाट दुरून आलेली आणि जोरकस. इथं वारा पडलेला असतानाही दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांच्या लाटा आपल्यापर्यंत पोचतात. केरळात त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. मे 2024 मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात अशाच समुद्रानं पाच वैद्यकीय विद्यार्थ्यांचा बळी घेतला. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेनं आधी इशारा दिला होता, तरीही.

आम्ही परत फिरलो. घरी येईस्तोवर गावभर झालं, “बायका घाबरल्या!”

मैत्रिणींनो, मला बोलायचंय ते यावरच. घाबरणं वेगळं आणि जाणणं वेगळं. लहानपणापासून आपल्याला “पाण्याजवळ जाऊ नको” एवढंच सांगितलं गेलं. का जाऊ नको, कधी जायला हरकत नाही, हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून तर समुद्राकाठी जन्म काढून कितीतरी जणींना पोहता येत नाही. आमच्या त्या ‘आज नको’ला कारण होतं. पुढच्या रविवारी लाटा गुडघाभर, मऊ होत्या, तेव्हा आम्हीच सगळ्यांत आधी पाण्यात होतो.

आणि हे ज्ञान काही फार अवघड नाही हो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे कोळणींना पाठ असतं. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते. सकाळी जमिनीवरून मतलई वारे असतात तोवर लाट नीटस येते. दुपारी खारे वारे सुटले की पाणी विस्कटतं. भूगोलात शिकलेलंच की हे! फेसाळ लाटांच्या मधे एखादा पट्टा शांत, गडद दिसला तर तिथं अजिबात जायचं नाही. पाणी तिथूनच आत ओढून नेतं. सापडलंच कुणी, तर प्रवाहाशी झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यायचं आणि हात वर करून मदत मागायची. लाल बावटा असला तर चर्चाच नको. जून ते सप्टेंबर तर नवशिक्यांनी नावच काढू नये. मासेमारीसुद्धा 1 जून ते 31 जुलै बंद असते, ती उगाच नाही.

आमच्या गटाचा आणखी एक नियम आहे. एकीला जरी नको वाटलं, तरी तिला हसायचं नाही. गाडीभाडं वाया गेलं तरी चालेल. “सगळ्या उतरल्या म्हणून मीही उतरले” यानंच घात होतो, समुद्रात आणि संसारातही.

तेव्हा मुलींना पाण्यापासून लांब ठेवू नका. आधी पोहायला शिकवा, मग समुद्र वाचायला शिकवा. ज्या मुलीला ‘आज नको’ कारणासकट म्हणता येतं, तिला उद्या ‘चल, जाऊया’ म्हणायलाही कुणाची परवानगी लागणार नाही.